चिनी कम्युनिस्ट पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनच्या सत्ताधारी पक्षाचे २१ वे अधिवेशन २०२७ मध्ये अपेक्षित आहे. ते जवळ आले की तेच ते प्रश्न पुन्हा विचारले जातात. खालची बहुतेक उदाहरणे ऑक्टोबर २०२२ मधल्या २० व्या अधिवेशनाची आहेत. जिथे जुना दाखला जास्त बोलका आहे, तिथे तो घेतला आहे.

दरवर्षी मार्चमध्ये टीव्हीवर दिसते तेच का हे?

नाही. मार्चमध्ये भरते ती नॅशनल पीपल्स काँग्रेस, म्हणजे चीनचे विधिमंडळ. तिचे सुमारे ३,००० सदस्य दरवर्षी जमतात, कायदे आणि अर्थसंकल्प मंजूर करतात, राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान नेमतात. पक्षाचे अधिवेशन पाच वर्षांतून एकदा भरते आणि सरकारी पदांवर कोणाचीही नेमणूक करत नाही. गोंधळ होतो, कारण दोन्ही बैठका बीजिंगमध्ये तिआनमेन चौकाच्या पश्चिमेच्या ग्रेट हॉल ऑफ द पीपलमध्येच होतात आणि व्यासपीठावरचे चेहरेही बरेचसे तेच असतात.

क्रम मात्र ठरलेला आहे: आधी पक्ष, मग सरकार. ली चियांग ऑक्टोबर २०२२ मध्ये पक्षात दुसऱ्या क्रमांकावर आले आणि पंतप्रधान झाले मार्च २०२३ मध्ये. मधल्या पाच महिन्यांत पुढचा पंतप्रधान कोण, हे सगळ्या जगाला ठाऊक होते.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करून टाकू. २०१८ मध्ये दोन कार्यकाळांची मर्यादा उठली, ती राष्ट्राध्यक्षपदाची. तो ठराव विधिमंडळाचा होता (बाजूने २,९५८, विरोधात २ मते). पक्षाच्या सरचिटणीसपदावर, म्हणजे पक्षातल्या सर्वोच्च पदावर, अशी लेखी मर्यादा नव्हतीच.

मग ‘राष्ट्रीय परिषद’ म्हणतात ती कोणती?

पक्षघटनेत अधिवेशनाशिवाय परिषदेचीही तरतूद आहे. दोन अधिवेशनांच्या मध्ये मोठा विषय उपटला, तर केंद्रीय समिती (अधिवेशन निवडते ते पक्षाचे मंडळ) ती बोलावू शकते. परिषदेला केंद्रीय समितीत बदल करता येतात, पण अधिवेशनाने निवडलेल्या पूर्ण आणि पर्यायी (रिकाम्या जागी वर येणाऱ्या) सदस्यांच्या एक पंचमांशापेक्षा जास्त नाही. अधिवेशनाने निवडलेली समिती मागच्या दाराने उलथवता येऊ नये, म्हणून ही अट.

सत्तेवर आल्यानंतर पक्षाने हा मार्ग फारच क्वचित वापरला. मार्च १९५५ च्या परिषदेने काओ कांग आणि राव शूशी या बड्या नेत्यांची पक्षातून हकालपट्टी केली आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेवर चर्चा केली. सप्टेंबर १९८५ च्या परिषदेत तेव्हाचे सर्वोच्च नेते तंग श्याओफिंग (डेंग शाओपिंग) यांनी बुजुर्गांची मोठी फळी निवृत्त करून तरुणांना आत घेतले. त्यानंतर एकही परिषद झालेली नाही. किरकोळ बदल केंद्रीय समितीच्या वार्षिक बैठकांतच उरकतात, त्यामुळे परिषदेची गरज पडत नाही.

अधिवेशन दर पाच वर्षांनी होतेच का?

१९७७ पासून होते आहे. त्याआधी सगळा मामला बेभरवशाचा होता. पहिले अधिवेशन जुलै १९२१ मध्ये शांघायमध्ये सुरू झाले. पक्षाचे सभासद तेव्हा ५० च्या आसपास आणि प्रतिनिधी जेमतेम डझनभर. पोलिसांना सुगावा लागल्यावर शेवटची बैठक जियाशिंगच्या तलावातल्या एका नावेवर झाली. सहावे अधिवेशन १९२८ मध्ये थेट मॉस्कोला भरले, कारण चीनमध्ये भरवणे जिवावर बेतले असते. सातवे त्यानंतर १७ वर्षांनी, १९४५ मध्ये येनानला, आणि तेही तब्बल ५० दिवस चालले.

१९५६ च्या पक्षघटनेने तर अधिवेशनाची बैठक दरवर्षी व्हावी असे ठरवले होते. प्रत्यक्षात मे १९५८ मध्ये एकच जादा बैठक झाली, ‘मोठी झेप’ ही माओंची उत्पादनवाढीची मोहीम सुरू होण्याच्या तोंडावर. पुढचे अधिवेशन उजाडले १९६९ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या धुमश्चक्रीत. म्हणजे १३ वर्षांचा खंड.

आजच्या नियमानुसार केंद्रीय समितीला आवश्यक वाटल्यास, किंवा एक तृतीयांशाहून अधिक प्रांतिक संघटनांनी मागणी केल्यास, अधिवेशन मुदतीआधी घेता येते. पुढे ढकलता येते ते फक्त असाधारण परिस्थितीत. २०२२ मध्ये कोविडचे कडक निर्बंध असूनही ते ढकलले नाही. प्रतिनिधींना आणि पत्रकारांना बंदिस्त व्यवस्थेत ठेवले, चाचण्या केल्या आणि ठरल्या वेळी बैठक घेतली.

प्रतिनिधी कोण असतात आणि निवडतात कसे?

२० व्या अधिवेशनासाठी २,२९६ प्रतिनिधी निवडले गेले. पक्षाचे सभासद तेव्हा साडेनऊ कोटींच्या वर होते. निवड एकूण ३८ मतदारगटांतून झाली: ३१ प्रांत, स्वायत्त प्रदेश आणि महानगरे, शिवाय पक्षाच्या केंद्रीय यंत्रणा, केंद्र सरकारची खाती, बँका आणि वित्तसंस्था, सरकारी कंपन्या, लष्कर वगैरे. लष्कराचा आणि सशस्त्र पोलिसांचा मिळून गट ३०० च्या आसपास असतो.

प्रक्रिया वरून सुरू होते, खाली जाते आणि पुन्हा वर येते. नोव्हेंबर २०२१ च्या बैठकीत केंद्रीय समितीने अधिवेशन २०२२ च्या उत्तरार्धात भरवायचे ठरवले. कोणत्या गटाला किती जागा हेही केंद्रच ठरवते. मग शाखांकडून नावे मागवली जातात. या टप्प्यात ९९ टक्क्यांहून जास्त सभासदांनी भाग घेतल्याचा अधिकृत दावा आहे. नावांची यादी वर सरकताना दर पातळीवर गाळली जाते. त्यानंतर छाननी. उमेदवाराची सेवापुस्तिका तपासतात. त्याने दिलेला खासगी बाबींचा तपशील, म्हणजे मालमत्ता, मुले परदेशी आहेत का वगैरे, पडताळतात. शिस्त विभागाचा अभिप्राय घेतात. त्याच्याविरुद्ध तक्रारअर्ज आले असतील, तर ते उघडून बघतात. या चारही चाळण्यांतून उतरलेल्यांची नावे जाहीर करून हरकती मागवल्या जातात आणि शेवटी प्रांताच्या अधिवेशनात किंवा प्रतिनिधी सभेत गुप्त मतदान होते. जागांपेक्षा उमेदवार किमान १५ टक्के जास्त असावेत असा नियम आहे. शंभर जागा असतील तर पंधरा जण पडतात.

निवडीचा साचा आधीच आखलेला असतो: इतक्या महिला, इतके अल्पसंख्याक समाजांतले, इतके कारखान्यातले आणि शेतावरचे. २०२२ मध्ये महिला ६१९ (सुमारे २७ टक्के), अल्पसंख्याक वांशिक गटांतले २६४ आणि ‘आघाडीवरच्या कामातले’ ७७१ होते. बाकीचे प्रामुख्याने पदाधिकारी. सरासरी वय ५२.२ वर्षे. थोडक्यात, पंधरा टक्के जास्त उमेदवार ही स्पर्धा त्या त्या कप्प्यापुरतीच असते. शिक्षिकेच्या कप्प्यातली शिक्षिका प्रांताच्या सचिवाविरुद्ध उभी राहत नाही.

यांच्याशिवाय विशेष निमंत्रित प्रतिनिधी असतात, २०२२ मध्ये ८३. हे मुख्यतः निवृत्त ज्येष्ठ. त्यांनाही मताधिकार असतो. उद्घाटनाला व्यासपीठावर बसलेले सुंग फिंग तेव्हा १०५ वर्षांचे होते.

निवडलेला प्रतिनिधी गळतो तो कधी?

छाननी निवडीनंतरही चालू राहते. २०१७ च्या अधिवेशनासाठी २,३०० जागा ठरल्या होत्या. पात्र ठरून जाहीर झाले २,२८७, आणि प्रत्यक्ष अधिवेशनापर्यंत उरले २,२८०. त्याच उन्हाळ्यात चोंगछिंगचे पक्षसचिव सुन झंगत्साय भ्रष्टाचाराच्या चौकशीत अडकले आणि त्यांच्या गटातल्या अनेकांवर गंडांतर आले. वरचा मासा जाळ्यात सापडला की त्याच्याबरोबरचे प्रतिनिधीही जातात, आणि त्या जागा भरतीलच असे नाही. एकूण आकडा आधीच्या घोषणेपेक्षा कमी दिसला, तर त्याचे कारण बहुधा हे असते.

तारीख कधी कळते?

साधारण सहा-सात आठवडे आधी. २०२२ मध्ये ३० ऑगस्टला केंद्रीय समितीतल्या वरिष्ठ नेत्यांच्या मंडळाने, म्हणजे पॉलिटब्युरोने, १६ ऑक्टोबर ही तारीख ठरवली. त्याआधी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात वरिष्ठ नेते बातम्यांतून दिसेनासे होतात. बेइदाइहे या समुद्रकाठच्या गावी त्यांचा मुक्काम असतो. तिथल्या चर्चेचे इतिवृत्त कधी बाहेर येत नाही, त्यामुळे ‘बेइदाइहेत ठरले’ अशा बातम्या जपूनच वाचाव्यात.

तारीख लांबली तर आत काही अडले आहे असे समजायला हरकत नाही. २०१२ मध्ये चोंगछिंगचे पक्षसचिव राहिलेले पो शीलाय यांच्या प्रकरणाने पक्ष हादरला होता. त्यांची पक्षातून हकालपट्टी आणि अधिवेशनाची ८ नोव्हेंबर ही तारीख, दोन्ही २८ सप्टेंबरला एकाच दिवशी जाहीर झाले. ते प्रकरण मिटवल्याशिवाय तारीख देणे जमत नव्हते, असाच त्याचा अर्थ लावला गेला.

मुख्य अहवाल सरचिटणीस स्वतः लिहितात का?

नाही. उद्घाटनाला सरचिटणीस वाचतात तो हा धोरणाचा अहवाल मसुदा समिती लिहिते. तिचे प्रमुख आता शी जिनपिंगच असतात. काम साधारण नऊ-दहा महिने चालते. खाती आणि प्रांतांना अभ्यासाचे विषय वाटून दिले जातात, मसुदा निवडक मंडळींकडे फिरतो, पॉलिटब्युरोत वाचला जातो आणि अधिवेशनाच्या काही दिवस आधी मावळत्या केंद्रीय समितीच्या शेवटच्या बैठकीत मंजूर होतो. २०२२ मध्ये ही बैठक ९ ते १२ ऑक्टोबरला झाली. एप्रिल-मे २०२२ मध्ये लोकांकडून इंटरनेटवरून सूचना मागवल्या होत्या. ८५ लाखांहून अधिक आल्या.

म्हणून सभागृहात ऐकू येतो तो धोरणाचा ‘प्रस्ताव’ नसून महिनोन्महिने घोटलेला करार असतो. त्यातले प्रत्येक विशेषण कोणीतरी मागून घेतलेले असते, आणि काढून टाकलेले विशेषण तर त्याहून महत्त्वाचे.

वाचनाच्या वेळेवरून फार अनुमाने काढू नयेत. २०१७ मध्ये शी जवळजवळ साडेतीन तास बोलले, २०२२ मध्ये दोन तासांच्या आत आटोपले. दुसऱ्या वेळी त्यांनी सारांश वाचला आणि पूर्ण मजकूर २५ ऑक्टोबरला प्रसिद्ध झाला. उद्घाटनाच्या दिवशी शब्द मोजून ‘अमुक विषय गळला’ असे लिहिणारे त्या वेळी तोंडघशी पडले.

आठवडाभर आत चालते काय?

२०२२ चा क्रम असा होता. १५ ऑक्टोबरला पूर्वतयारीची बैठक: अध्यक्षमंडळाची निवड, प्रतिनिधींच्या पात्रतेची तपासणी करणारी समिती आणि कार्यक्रमपत्रिकेला मंजुरी. अध्यक्षमंडळात दोनशेहून अधिक लोक असतात, पण खरे काम त्याची छोटी स्थायी समिती आणि अधिवेशनाचे महासचिव पाहतात. त्या वेळी महासचिव वांग हुनिंग होते. १६ तारखेला सकाळी १० वाजता उद्घाटन, राष्ट्रगीत आणि अहवाल. हजर राहायचे होते २,३७९, हजर होते २,३४०. उरलेले ३९ रजेवर, आणि हा आकडा व्यासपीठावरून वाचून दाखवतात. केंद्रीय शिस्त तपासणी आयोगाचा अहवाल वाचला जात नाही, तो लेखी वाटला जातो.

पुढचे दिवस गटवार चर्चेचे. प्रत्येक प्रांताचे प्रतिनिधिमंडळ आपापल्या निवासाच्या ठिकाणी किंवा ग्रेट हॉलमधल्या दालनांत बसते. भाषणे बहुतांशी ‘अहवाल मला फार भावला’ या सुराची असतात. कामाची गोष्ट असते ती उमेदवारांच्या याद्यांवरची बैठक, आणि तिथे कॅमेरे नसतात. २२ तारखेला समारोप: मतदान, ठराव आणि शेवटी ‘इंटरनॅशनल’ या कम्युनिस्ट गीताची धून. २३ ला नव्या केंद्रीय समितीची पहिली बैठक आणि दुपारी पॉलिटब्युरोच्या स्थायी समितीचे, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च वर्तुळाचे, नवे सदस्य पत्रकारांसमोर रांगेने येतात.

मतदान म्हणजे निव्वळ ‘मंजूर, मंजूर’ का?

समारोपाच्या दिवशी ठरावांवर हात वर करून होते ते मतदान, होय, साखर कारखान्याच्या वार्षिक सभेसारखेच. आधी बाजूचे हात, मग विरोधाचे, मग तटस्थांचे. विरोध विचारला की सभागृहाच्या एकेका भागात उभा असलेला मोजणारा ‘नाही’ असे ओरडतो, मग पुढच्या भागातला, मग त्यापुढचा. एवढ्या मोठ्या दालनात तो शब्द लांब जात ऐकू येतो आणि मग व्यासपीठावरून ‘मंजूर’ जाहीर होते.

केंद्रीय समितीची निवड मात्र वेगळी, आणि तिला थट्टेवारी नेऊ नये. ती दोन टप्प्यांत होते. आधी प्रतिनिधिमंडळांत प्राथमिक मतदान, ज्यात जागांपेक्षा नावे जास्त असतात. २०२२ मध्ये २०५ पूर्ण सदस्यांसाठी २२२ नावे होती, १७१ पर्यायी सदस्यांसाठी १८८ आणि शिस्त आयोगाच्या १३३ जागांसाठी १४४. गळलेल्यांची संख्या जाहीर होते, नावे होत नाहीत. उरलेल्यांची यादी शेवटच्या दिवशी गुप्त मतदानाला येते तेव्हा जागा तितकीच नावे असतात. तिथे कोणी पडत नाही.

प्राथमिक मतदानात आठ-दहा टक्के जास्त नावे, म्हणजे प्रतिनिधींच्या हातात एक छोटी कात्री आहे. १९८७ मध्ये, तेराव्या अधिवेशनात, ही पद्धत रुजत असताना तिने मोठा बळी घेतला. सुधारणांचे कडवे विरोधक तंग लीछून यांना बढती मिळणार असा बोलबाला होता, आणि ते केंद्रीय समितीवरच निवडून आले नाहीत. त्यानंतर वरच्यांनी यादी जास्त काळजीपूर्वक बनवायला सुरुवात केली.

दुसरी खूण पर्यायी सदस्यांच्या यादीत सापडते. पूर्ण सदस्यांची नावे आडनावाच्या चिनी अक्षरातल्या रेघांच्या क्रमाने छापतात, पण पर्यायी सदस्यांची मतांच्या क्रमाने. १९९७ मध्ये १५१ पर्यायी सदस्य निवडले गेले. यादीत शेवटचे नाव होते शी जिनपिंग. बड्या नेत्यांच्या मुलांबद्दल प्रतिनिधींना तेव्हा काय वाटत होते, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे मिळत नाही.

मग पॉलिटब्युरो आणि सात जणांची स्थायी समिती अधिवेशन निवडत नाही?

कागदावर ती केंद्रीय समिती निवडते, अधिवेशन संपल्यावर दुसऱ्या दिवशी. सरचिटणीसही तीच निवडते आणि तो स्थायी समितीतलाच असावा लागतो. लष्करी आयोगाचे सदस्यही तीच ठरवते. प्रत्यक्षात नावे आधीच ठरलेली असतात.

ठरवण्याची रीत मात्र बदलत गेली. २००७ आणि २०१२ मध्ये पक्षाने वरिष्ठ पदाधिकाऱ्यांची पसंती मतपत्रिकेवर अजमावली. २००७ मध्ये ४०० हून अधिक जणांसमोर सुमारे २०० नावांची यादी ठेवली होती. पुढे या पद्धतीत मते फिरवणे आणि वशिलेबाजी बोकाळल्याचे कारण देऊन ती मोडीत काढली. त्यासाठी चौ योंगखांग, सुन झंगत्साय आणि लिंग चिह्वा या पुढे पायउतार झालेल्या नेत्यांकडे अधिकृतपणे बोट दाखवले गेले. २०१७ पासून सरचिटणीस आणि निवडक नेते समोरासमोर मुलाखती घेऊन मते जाणून घेतात. मतपत्रिकेची मोजणी करता येते. मुलाखतीतले मत शेवटी मुलाखत घेणाऱ्याच्या वहीत जाते. हा बदल लहान दिसतो, पण गेल्या वीस वर्षांतला सगळ्यात परिणामकारक बदल आमच्या मते हाच.

२०२२ चा निकाल: शी जिनपिंग, ली चियांग, झाओ लेजी, वांग हुनिंग, साय ची, डिंग शुएशियांग, ली शी. पॉलिटब्युरो २५ ऐवजी २४ जणांचे झाले आणि २५ वर्षांत प्रथमच त्यात एकही महिला नव्हती. केंद्रीय समितीच्या २०५ पूर्ण सदस्यांत महिला ११.

वयाचा नियम अजून आहे का?

‘सात वर, आठ खाली’ असे त्याला म्हणत: अधिवेशनाच्या वेळी वय ६७ असेल तर राहायचे, ६८ असेल तर निवृत्त व्हायचे. हा लेखी नियम कधीच नव्हता. २००२ पासून पाळलेला संकेत होता. २०२२ मध्ये तो दोन्ही बाजूंनी मोडला. शी ६९ वर्षांचे असून राहिले, जनरल चांग योउश्या ७२ व्या वर्षी पॉलिटब्युरोत कायम राहिले आणि वांग यी ६९ व्या वर्षी पॉलिटब्युरोत आले. उलट तेव्हाचे पंतप्रधान ली खछियांग आणि वांग यांग ६७ चे असून केंद्रीय समितीतूनही बाहेर पडले. हू छुनहुआ तर ५९ चेच होते, त्यांची पॉलिटब्युरोतून केंद्रीय समितीवर घसरण झाली. २०२७ साठी केवळ जन्मतारखा मांडून भाकीत करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

पक्षघटनेत नाव येणे इतके महत्त्वाचे का?

कारण एकदा नाव आले की त्या नेत्यावरची टीका पक्षशिस्तीचा भंग ठरू शकते. तंग श्याओफिंग यांचे सिद्धान्त १९९७ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर नोंदले गेले. शी जिनपिंग यांचा ‘विचार’ नावासकट २०१७ मध्ये, ते पदावर असतानाच आला. २०२२ च्या दुरुस्तीत तैवानच्या स्वातंत्र्याला विरोध करण्याचे कलम आले. पण शी यांचे केंद्रस्थान ठसवणारी ‘दोन निश्चिती’ ही घोषणा, जी वर्षभर सगळे घोकत होते, ती पक्षघटनेत गेली नाही.

नाव कोरल्याने माणूस सुरक्षित होतो असे मात्र नाही. १९६९ च्या पक्षघटनेने लिन प्याव यांना माओंचे वारस म्हणून नावानिशी नेमले. सप्टेंबर १९७१ मध्ये पळून जाताना त्यांचे विमान मंगोलियात कोसळले. ऑगस्ट १९७३ चे दहावे अधिवेशन मुख्यतः ते वाक्य खोडण्यासाठीच होते, आणि इतक्या गुपचूप झाले की ते भरले होते हे जगाला संपल्यावर कळले.

मध्येच एखादा सदस्य पकडला गेला तर?

केंद्रीय समितीच्या सदस्याला पक्षातून काढायचे तर तिच्या बैठकीत दोन तृतीयांश बहुमत लागते. बैठक लांब असेल तर पॉलिटब्युरो निर्णय घेते आणि पुढच्या बैठकीत शिक्कामोर्तब होते. रिकाम्या जागी पर्यायी सदस्य मतांच्या क्रमाने वर येतात, मधला कोणी अडचणीत असेल तर त्याला ओलांडून. जुलै २०२४ च्या बैठकीत माजी संरक्षणमंत्री ली शांगफू यांच्यासह तीन सेनाधिकाऱ्यांच्या हकालपट्टीवर शिक्कामोर्तब झाले, माजी परराष्ट्रमंत्री छिन गांग यांचा राजीनामा स्वीकारला आणि तीन पर्यायी सदस्य पूर्ण सदस्य झाले.

हू जिंताओ यांना बाहेर का नेले?

समारोपाच्या दिवशी, परदेशी पत्रकारांना सभागृहात सोडल्यानंतर, शी यांच्या शेजारी बसलेल्या माजी सरचिटणीसांना दोन माणसांनी उठवून बाहेर नेले. समोरच्या कागदांवरून काहीतरी ओढाताण झालेली चित्रफितीत दिसते. शिन्हुआ या सरकारी वृत्तसंस्थेने इंग्रजीतून प्रकृतीचे कारण दिले. त्यापलीकडचे सगळे तर्क आहेत.

याचा भारताशी काही संबंध?

एक आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. एप्रिल-मे १९२७ मध्ये वुहानला भरलेल्या पाचव्या अधिवेशनात कॉमिन्टर्नचे (मॉस्कोतल्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेचे) प्रतिनिधी म्हणून मानवेंद्रनाथ रॉय हजर होते. तेच रॉय, ज्यांचा प्रभाव पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींवर पडला. अधिवेशनानंतर काही आठवड्यांत रॉय यांनी स्टालिनची गुप्त तार तेव्हा कम्युनिस्टांशी आघाडी असलेल्या क्वोमिन्तांग या राष्ट्रवादी पक्षाचे वांग चिंगवेइ यांना दाखवली. ती आघाडी मोडायला वांग यांना आयतेच निमित्त मिळाले.

आपल्याकडच्या माकपचे अधिवेशनही याच घडणीचे आहे: अधिवेशन केंद्रीय समिती निवडते आणि ती पॉलिटब्युरो व सरचिटणीस. फरक असा की ते साधारण तीन वर्षांनी भरते, राजकीय ठरावाचा मसुदा दोन महिने आधी खुला होतो आणि त्यावर शाखांकडून दुरुस्त्या येतात. एप्रिल २०२५ मध्ये मदुराईला महाराष्ट्रातले सिटू या कामगार संघटनेचे नेते डी. एल. कराड केंद्रीय समितीच्या अधिकृत यादीविरुद्ध उभे राहिले. मते मिळाली ३१. ते हरले, पण उमेदवाराचे नाव आणि मते दोन्ही वर्तमानपत्रांत आले. बीजिंगमध्ये यातले काहीच बाहेर येत नाही.

इतर सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षांत?

व्हिएतनाम आणि लाओसमध्ये पाच वर्षांचा क्रम बऱ्यापैकी पाळतात. क्यूबाच्या पक्षाचे पहिले अधिवेशन १९७५ चे आणि आठवे एप्रिल २०२१ चे, ज्यात राऊल कॅस्ट्रो यांनी पद सोडले. उत्तर कोरियात सहावे १९८० मध्ये आणि सातवे थेट २०१६ मध्ये झाले. सोव्हिएत संघातही १९३९ नंतर १९५२ पर्यंत अधिवेशनच नव्हते. स्टालिनला त्याची गरज वाटली नाही.

२०२७ साठी काय लक्षात ठेवावे?

२०२६ च्या शरद ऋतूपासून प्रांतांची अधिवेशने आणि प्रतिनिधींची निवड सुरू होईल. कोणत्या प्रांतात कोण नवा सचिव येतो ते बघा, कारण पॉलिटब्युरोचे बरेच सदस्य तिथूनच उचलले जातात. ऑगस्टअखेर तारीख येईल. अधिवेशनाच्या काळात अहवालाचा मजकूर आधीच्या अहवालाशेजारी ठेवून ताडा. उदाहरणार्थ, २०२२ मध्ये नुसत्या ‘संधीच्या काळा’ऐवजी ‘संधी आणि धोके एकत्र नांदणारा काळ’ आला. शेवटच्या दिवशी आधी केंद्रीय समितीची यादी येते. त्यात नाव नसेल तर तो नेता दुसऱ्या दिवशीच्या स्थायी समितीत असूच शकत नाही. २०२२ मध्ये ली खछियांग जाणार हे असेच एक दिवस आधी कळले. दुसऱ्या दिवशी दालनात येण्याच्या रांगेचा क्रम हाच अधिकृत ज्येष्ठताक्रम असतो. सरकारी खाती कोणाकडे जाणार, यासाठी मात्र मार्च २०२८ पर्यंत थांबावे लागेल.